वडील : हयात नाहीत

पाली,
ज्येष्ठ वद्य ६, शके १८५३

चि. काशीराम,

आशीर्वाद घे आणि बाजूला ठेव. कामाचं आधी.

वसतिगृहात पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. कॉलेजची इमारत मोठी आहे, असं तू लिहितोस. इमारत मोठी असणारच. आपल्या शाळेसारखी तिच्यात रात्री गुरं बांधत नसतील. तू इमारतीकडे बघायला गेला नाहीस एवढं लक्षात ठेव.

रावसाहेबांच्या विद्यार्थी फंडाचा नियम तुला ठाऊक आहे. फंड पोरक्या मुलांसाठी आहे. म्हणून मी फॉर्मवर ‘वडील : हयात नाहीत. पालक : मामा’ असं लिहिलं आणि तू खाली सही केलीस. आता उगाच तोंड वाकडं करू नकोस. तुझा बाप धाकू हयात असून तरी कोणाच्या उपयोगी पडला? माझ्या बहिणीला नाचणीच्या भाकरीवर ठेवून गिरगावात कुठल्याशा सॉलिसिटरच्या कपबश्या विसळतो. गणपती आले की पालीची गडीमाणसं जमवतो आणि मृदंगाच्या ठेक्यावर गात रिंगणात बसतो. बाकीचे एका पायात चाळ बांधून त्याच्याभोवती नाचतात. मुंबईकर त्याला बाल्यांचा नाच म्हणतात आणि हसतात. बरोबरच हसतात. मीही हसतो.

तेव्हा धाकूच्या खोलीवर जायचं नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जायचं. त्याला वाईट वाटेल अशी काळजी नको. वाईट वाटायला आधी काहीतरी कळावं लागतं.

तुझ्या आईला फॉर्मबद्दल काही सांगितलेलं नाही. राही अडाणी आहे. तिला उगाच भलतंच वाटेल.

आत्माराम मास्तर

*

मुंबई,
२८ सप्टेंबर १९३१

ती. मामांस,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. वादविवाद मंडळाच्या निवडणुकीत गुंतलो होतो. पहिल्या वर्षाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलो. विरुद्ध उभा होता तो पुण्याचा मुलगा फार शुद्ध बोलत होता. इतकं शुद्ध की ऐकणाऱ्यांना जांभया आल्या.

परवा विसर्जनाच्या गर्दीत मित्रांबरोबर उभा होतो. समोरून आपल्याकडच्यांचा नाच आला. मृदंगावर आपल्या वाडीचा बाबल्या होता आणि मध्ये बाबा गात होते. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, डोक्याला गुलाबी फेटा. माझा मित्र अरविंद कोठारे म्हणाला, “काय रे हे, माणसं आहेत की उडते बेडूक?” सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. मग पानाच्या दुकानामागे जाऊन उभा राहिलो.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. घामट, अडाणी प्रकार आहे. आपलेच लोक आपली लाज अशी चव्हाट्यावर नाचवतात आणि वर मोठा पराक्रम केल्यासारखे छाती काढून चालतात. मला किळस आली.

फंडाचा पहिला हप्ता मिळाला. पुस्तकं घेतली.

आपला,
काशीराम

*

पाली,
कार्तिक शुद्ध १०, शके १८५३

चि. काशीराम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझा भाचा शोभतोस.

पानाच्या दुकानामागे उभा राहिलास ते उत्तम केलंस. शेवटचं कडवं ऐकलं नसशील तर सांगतो, कारण त्यात तुझा संबंध आहे. यांच्यात कायदा असा की, शाहिराने शेवटच्या ओळीत स्वतःची छाप घालायची, म्हणजे आपलं गाव नि नाव सांगायचं. छाप घातली नाही तर गाणं चोरीचं आणि शाहीर हरला. समोरच्या मेळ्याने त्याच्या तोंडावर टाळ्या पिटायच्या. ज्यांना सही करता येत नाही, त्यांनी नावाचा एवढा डौल का करावा ते देव जाणे.

तर तू जन्मल्यापासून धाकूची छाप अशी आहे: ‘धाकू म्हणे पालीवाला, काशीरामाचा मी बाप’. वीस वर्षं गल्लोगल्ली हेच ओरडतोय. तुझ्या कॉलेजातला कोणी शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला तर तुझा फंड गेला म्हणून समज. सुदैवाने शहाणी माणसं शेवटपर्यंत ऐकत नाहीत.

अभ्यास कर. निवडणुकांनी पोट भरत नाही.

आत्माराम मास्तर

*

मुंबई,
२० जानेवारी १९३५

ती. मामांस,

गेल्या तीन वर्षांत मी तुम्हाला सुट्टीत भेटलो ते सोडून चार ओळींपलीकडे लिहिलं नाही, याबद्दल तुम्ही मला दरवेळी झोडपलंत. आज मात्र लांब लिहितो, कारण अडचण आली आहे.

तुम्हाला माहीतच आहे की वादविवादासाठी मी बडोदा, नागपूर आणि गेल्या हिवाळ्यात कराची पाहिलं. ढाल आणली. प्रत्येक गावात दिवाणखान्यात बसून ‘खेड्यांचा उद्धार’ या विषयावर भाषणं ठोकणारे लोक भेटले. त्यांतल्या एकालाही भात लावणीने होतो की पेरणीने, हे सांगता आलं नाही. मीही त्यांच्यात बसून बोललो. मला जास्त टाळ्या मिळाल्या, कारण मला ते माहीत होतं आणि मी माहीत नसल्यासारखं बोललो.

यंदा मी स्नेहसंमेलनाचा चिटणीस आहे. अध्यक्ष म्हणून रावसाहेब येणार आहेत. आमच्या प्रोफेसरसाहेबांना नाटकातल्या प्रवेशांचा कंटाळा आला आहे. त्यांना ‘अस्सल ग्रामीण नृत्य’ पाहिजे. मी विरोध केला, पण समितीत एकटा पडलो. शेवटी अरविंद उठून म्हणाला, “आमच्याकडचा गडी बाल्यांचा शाहीर आहे. उद्या सांगतो त्याला.”

मामा, बाबा ज्यांच्याकडे काम करतात ते सॉलिसिटर म्हणजे अरविंदचे वडील. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. एकदा त्याच्या घरी चहाला गेलो होतो, तेव्हा ट्रे घेऊन बाबाच आले. तुम्हाला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. अरविंदच्या आईने विचारलं, “तुझे वडील कधी रे वारले?” मी म्हणालो, “मी लहान होतो तेव्हाच.” बाबा कप मांडत होते. त्यांनी उरलेले कप मांडले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “साखर किती घालू, सायब?” मी म्हणालो, “दोन चमचे.” त्या दिवशी मला त्यांचं कौतुकच वाटलं. नोकराला शोभेलसं वागले.

आता नऊ फेब्रुवारीला ते रावसाहेबांसमोर गाणार आणि शेवटी छाप घालणार. काय करू ते ताबडतोब कळवा.

आपला,
काशीराम

*

पाली,
पौष वद्य ७, शके १८५६

चि. काशीराम,

कराचीपर्यंत जाऊन आलास आणि एका गड्याचं तोंड बंद करता येत नाही? कसली ढाल आणलीस? भिंतीला टांगून ठेव, निदान भिंतीचा पोपडा झाकेल.

धाकूला गाठ आणि सांग, छाप घालू नकोस. तो ऐकेल. तुझ्यापुढे तो कुत्र्यासारखा शेपूट हलवतो. मी त्याला लिहिणार नाही. पत्र वाचून घ्यायला सगळ्या चाळीत फिरेल आणि बोभाटा होईल.

सांगायला जमत नसेल तर आजारी पड. पण तू पडणार नाहीस. चिटणिसाचा बिल्ला छातीवर लावायचा मोह तुला सोडवायचा नाही.

या वर्षी बी. ए. झालास की रावसाहेब वकिलीचीही शिष्यवृत्ती देणार आहेत, असं त्यांच्या कारकुनाकडून कळलं. आपल्या समाजातला पहिला वकील होशील. तो मान एका गाण्याच्या शेपटापायी घालवू नकोस.

आत्माराम मास्तर

*

मुंबई,
११ फेब्रुवारी १९३५

ती. मामांस,

बिल्ल्याबद्दल तुम्ही बरोबर लिहिलंत. आजारी पडलो नाही.

बाबांना सांगायलाही गेलो नाही. दोनदा त्यांच्या चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परतलो. काय सांगणार? ‘बाबा, तुम्ही माझे बाबा आहात एवढं फक्त म्हणू नका’?

परवा कार्यक्रम झाला. पडदा उघडला तेव्हाच हशा पिकला. मुलं बेडकासारखे आवाज काढत होती. बाबा मधे बसून गात होते आणि भोवती आपल्या वाडीची माणसं नाचत होती. मामा, मी विंगेत उभा होतो आणि माझा पाय ठेका धरत होता. मी त्यावर दुसरा पाय ठेवला. लहानपणी हाच ठेका मी अंगणात धरत होतो आणि तुम्ही छडीने पोटऱ्या सुजवल्या होत्या.

शेवटचं कडवं आलं. ‘धाकू म्हणे’ यायची जागा आली. बाबा थांबले. बाबल्याने ठेका तसाच चालू ठेवला, वाट पाहिली, पुन्हा एकदा फिरवला. नाचणारे बाबांच्या तोंडाकडे बघायला लागले. बाबांनी हात जोडले आणि खाली बसल्या बसल्याच डोकं जमिनीला टेकलं. गाणं तिथेच संपलं. सभागृहातल्या एकालाही काही कळलं नाही. टाळ्या मात्र भरपूर झाल्या. बाबल्याने मृदंग काखेत मारला आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

चिटणीस या नात्याने शाहिराला हार घालायचं काम माझं होतं. रावसाहेब शेजारी उभे. त्यांनी मला म्हटलं, “नाव विचारा हो त्यांचं, अहवालात यायला हवं.” मी बाबांना विचारलं, “आपलं नाव?” बाबा म्हणाले, “नाव कशाला, सायब? मी गडी मानूस.” अहवालात ‘एक गडी’ असं लिहिलं आहे. मीच लिहिलं.

मागच्या दाराशी त्यांना गाठलं. म्हटलं, “बाबा, छाप का नाही घातली?” ते फेटा सोडत होते. म्हणाले, “मेलेल्या मानसानं नाव सांगायचा नसता, पोरा. जा तू, तुजी मानसां वाट बगतायत.”

फंड वाचला. तुम्हाला आनंद होईल.

काशीराम

*

पाली,
ज्येष्ठ शुद्ध ११, शके १८५७

चि. काशीराम,

बी. ए. झाल्याची तार आली. शाळेत पेढे वाटले. तार पोस्टमनने वाटेतच चौघांना वाचून दाखवली होती, त्यामुळे मला सांगायला काही उरलं नाही.

चार महिने तुझी एक ओळ नाही. रुसला असशील. बी. ए. झालेल्या माणसाने रुसणं म्हणजे मिशा आलेल्या माणसाने दुधासाठी रडणं.

इकडची बातमी चांगली आहे. धाकूने मुंबई सोडली. छाप घातली नाही म्हणून त्याच्या मेळ्याने त्याला काढून टाकलं. संगमेश्वराकडचे लोक आता पालीच्या बाजारात आपल्या माणसांना विचारतात, “तुमच्या शाहिराचा नाव काय वो?” आणि हसतात. बाबल्या त्याच्या दारावरून जातो पण आत वळत नाही. धाकू घरात बसून असतो, कुंपणाचे वेळू तासतो. एकंदरीत घरातला नाचाचा रोग गेला. राही मात्र माझ्याशी धड बोलत नाही. नवरा घरी आला तरी बायकांना सुख नाही.

सोबत वकिलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म पाठवत आहे. मी भरला आहे. मागच्याशी जुळलं पाहिजे म्हणून तसाच भरला. यात आईचा वेगळा रकाना आहे, तिथे ‘विधवा’ लिहिलं. सही करून परत पाठव. श्रावणात रावसाहेब निर्णय करतील.

आत्माराम मास्तर

*

मुंबई,
१९ सप्टेंबर १९३५

मामा,

गणपतीला मी पालीला होतो तेव्हा तुम्ही दार लावून बसलात, म्हणून हे पत्र.

फॉर्मवर सही केली नाही. बोट सुरू झाली नव्हती, म्हणून कोल्हापूरमार्गे आलो आणि पालीला न उतरता आधी रत्नागिरीला गेलो. रावसाहेबांना सगळं सांगितलं. ते काही ओरडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, “चार वर्षं एका खऱ्या पोरक्या मुलाची जागा तुम्ही अडवलीत.” मला हे कधी सुचलंच नव्हतं, मामा. तुम्हालाही नाही. आपण दोघं इतके हुशार.

फॉर्म कोणी भरला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सही माझी आहे. वकिलीची शिष्यवृत्ती अर्थातच गेली. इथे एका शाळेत नोकरी धरली आहे. मास्तर झालो, तुमच्यासारखाच. वकिली सवडीने बघेन.

मग घरी आलो. बाबा पडवीत बसले होते. मी रावसाहेबांकडे जाऊन आल्याचं सांगितलं तर मलाच रागावले. “माजा नाव गेला ता गेला. तुजा का घालवलंस?” दीड दिवसाच्या गणपतीपुढे मी वाडीतल्या माणसांना बोलावलं. बाबल्या यायला तयार नव्हता. मी त्याच्या पाया पडलो आणि फेब्रुवारीत नेमकं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं. बाबल्या माझ्याकडे बघून जमिनीवर थुंकला. मग मृदंग आणायला गेला. मी चाळ बांधले. माझा पाय चार वेळा चुकला आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बाबांनी गायलं आणि छाप घातली. तुमच्या बंद दारातून ती ऐकू आलीच असेल.

आता तुमच्याविषयी. तुम्ही मला शिकवलंत, हे मी विसरणार नाही. पण अक्षरांबरोबर तुम्ही मला तुच्छता शिकवलीत आणि मला तीच जास्त चांगली जमली. सबंध हिंदुस्थान फिरलो आणि जिथे गेलो तिथे नाक मुरडून आलो. बापाकडून चहात साखर घालून घेतली. तुम्ही आयुष्यभर धाकू नाच्या म्हणून हसलात, पण सभागृहात त्या दिवशी ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटत होती तो मी होतो, बाबा नव्हते. मला तुमची कीव येते, मामा, आणि माझी त्याहून जास्त येते.

आईला मी सांगितलं आहे. पहिल्या फॉर्मचं आणि दुसऱ्याचंही. ती चुलीपाशी होती. तिने एवढंच विचारलं, “तिथी कुठची लिवलीन दादानं?” मी म्हणालो, मरणाची तिथी फॉर्मवर लिहावी लागत नाही. मग तिने भात वाढला, आधी बाबांना आणि नंतर मला.

काशीराम

*

पाली,
कार्तिक शुद्ध ३, शके १८५७

चि. काशीराम,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. भाच्याने मामाची कीव करावी एवढी अजून कोकणात अक्कल स्वस्त झालेली नाही. ‘मी मास्तर झालो, तुमच्यासारखाच’ हे वाक्य तर लिहिताना तुला फार सुचल्यासारखं वाटलं असेल. माझ्यासारखा व्हायला तुला अजून तीस वर्षं खडू खावा लागेल.

छाप ऐकली. दाराला कान लावला नव्हता, तुझ्या बापाचा गळाच तसा आहे.

हे लिहितोय ते कालच्यासाठी.

काल भाऊबीज. दरवर्षीप्रमाणे लुगडं घेऊन राहीकडे गेलो. वाटलं, सण आहे, बोलणं होईल आणि मिटेल. बायका रागावतात आणि सणाला विसरतात, असा माझा समज. पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी नव्हती, ती घालायची राहिली असेल म्हणून मी जाऊन बसलो. टोपी नीट केली. धाकू पलीकडे खांबाला टेकून वेळू तासत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, हे तुला सांगायला नकोच.

राही बाहेर आली. हातात ताट नव्हतं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, मी इतकं मोठं तिच्या लग्नातसुद्धा बघितलेलं नाही. मला म्हणाली, “दादा, पाटावरना ऊठ. विधवेच्या हातानं कोन ओवाळून घेत नाय. तू शिकलेला, तुला मी काय सांगायचा?”

मी म्हटलं, “अगो, तो कागद होता.”

ती म्हणाली, “मी पन कागदावरच बोलतंय.”

धाकू मधे पडला. म्हणाला, “राहू दे गो. मास्तरांनी केलंनी ता पोराच्या बऱ्याकरता. सन हाय, ओवाळ त्यांना.”

तिने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. “मेलेली मानसां मधी बोलत नायत,” म्हणाली आणि आत गेली.

मी पाटावर बसून राहिलो. मग धाकूने कोयता बाजूला ठेवला, उठून आला आणि मला हाताला धरून उभं केलं. मला, काशीराम. त्याने. दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाला, “पुडल्या वर्साला या.” तो टोचून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला टोचून बोलता येत नाही. ते आपल्या घराण्यात येतं.

लुगडं परत आणलं. तुझ्या मामीने विचारलं, राहीला आवडलं का. मी ते ट्रंकेत ठेवलं.

आज सकाळी रत्नागिरीला जाऊन रावसाहेबांच्या कारकुनाला भेटलो. त्याला म्हटलं, ‘हयात नाहीत’ हे दोन शब्द माझ्या अक्षरात आहेत, मला खोडायचे आहेत. तो म्हणाला, निकालात निघालेल्या कागदाला हात लावता येत नाही. तीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहून दिले. लिहिलेलं परत कसं घ्यायचं ते मला माहीत नाही. तू वकिलीची पुस्तकं चाळत असशीलच. कुठे काही तरतूद असली तर बघ आणि मला कळव.

तुझा मामा,
आत्माराम